पिल्लू ‘केसीआय पेपरवालं’ आहे म्हणे! पैसे द्यायच्या आधी हे समजून घ्या

मुलचेरा : तालुक्यात कुत्रं नाही असं घर शोधावंच लागेल. धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं, की सगळ्यात आधी तेच भुंकतं. ही सगळी आपली गावठी कुत्री. त्यांचा कागद नाही, किंमत नाही, आणि कधी कुणी मागितलीही नाही. पण मोबाइल आला आणि त्यासोबत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलरचे व्हिडिओ आले. ‘प्युअर ब्रीड, केसीआय पेपरसह, घरपोच’ अशा जाहिराती लगाम, गोमणी, सुंदरनगरातल्या पोरांच्या फोनवरही येतात. पेपर असला की पिल्लाचा भाव चढतो. धान विकून किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात हाती आलेले पैसे अशा पिल्लासाठी मोजायचे, तर आधी हा पेपर काय असतो, तो कोण काढतो आणि त्यातून काय मिळतं, हे माहीत हवं.

थोडक्यात सांगायचं तर, नोंदणी ही पिल्लू घेतल्यावर करायची गोष्ट नाही. ती ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, पिल्लू तुमच्या हाती यायच्या आधी करायची असते. ‘आधी पिल्लू घेऊन जा, पेपर मागून पाठवतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

केसीआय म्हणजे काय?

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. याचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे. ते सरकारी खातं नाही. शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी ती संस्था आहे. अशा नोंदींची पद्धत इंग्लंडातून आली. लंडनमध्ये १८७३ साली ‘द केनेल क्लब’ स्थापन झाला आणि कुणाचं पिल्लू कुणापासून झालं, हे वहीत लिहून ठेवायला सुरुवात झाली. पुढे बऱ्याच देशांत असे क्लब निघाले.

क्लबचं प्रमाणपत्र म्हणजे त्या वहीतला उतारा. त्यावर पिल्लाचं नोंदणीचं नाव, जात, नर की मादी, रंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, मायक्रोचिपचा क्रमांक, ब्रीडरचं नाव, मालकाचं नाव आणि आई-बापापासून मागच्या तीन पिढ्यांची नावं असतात. नाव लांबलचक असतं, कारण त्यात ब्रीडरच्या केनेलचं नावही जोडलेलं असतं. घरी तुम्ही त्याला मोती म्हणा की शेरू, कागदावरचं नाव तेच राहतं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर हा कुत्र्याचा सातबारा समजा. सातबाऱ्यावर जमीन कुणाच्या नावे आहे ते कळतं, पण तिथे पीक चांगलं येईल की नाही ते कळत नाही. या कागदाचंही तसंच. पिल्लाचे आई-बाप कोण, एवढंच तो सांगतो. पिल्लू निरोगी आहे, राखण चांगली करेल, चावणार नाही, यातली कोणतीही हमी त्यात नसते.

नोंदणी होते कशी?

टप्पे समजून घेतले की फसवणूक कुठे होते तेही लक्षात येतं.

१. आई-बाप दोघंही आधीच नोंदलेले हवेत. दोन्ही बाजूंचा वंश लिहायचा, तर एकीकडची वही कोरी असून चालत नाही. ‘बाप केसीआयचा आहे, आईचे पेपर नाहीत’ अशा जोडीच्या पिल्लाला तीन पिढ्यांची वंशावळ मिळणार नाही.

२. कुत्री व्याल्यानंतर ब्रीडर एकेका पिल्लाची नाही, तर पूर्ण वेताची नोंद करतो. किती पिल्लं झाली, किती नर, किती मादी, कोणत्या तारखेला झाली, रंग कोणते, ही माहिती तो देतो. नर दुसऱ्याचा असेल तर त्याच्या मालकाचीही संमती आणि माहिती लागते.

३. प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसवली जाते आणि तिचा क्रमांक अर्जात लिहिला जातो.

४. क्लब नोंद तपासून प्रत्येक पिल्लाचं स्वतंत्र प्रमाणपत्र देतो.

५. पिल्लू विकलं की मालकी बदलाचा अर्ज करावा लागतो. जमिनीचा फेरफार करतो तसाच हा प्रकार. आधीच्या मालकाच्या सहीशिवाय तो होत नाही. बरेच लोक पिल्लू आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतात, पण कागदावर मालक म्हणून ब्रीडरचंच नाव राहतं. पुढे कुत्र्याला डॉग शोमध्ये न्यायचं ठरलं किंवा त्याच्या पिल्लांची नोंद करायची वेळ आली, की अडचण येते. तोवर ब्रीडरचा फोन लागत नाही. म्हणून सही पैसे देतानाच घ्यावी.

अर्ज, शुल्क आणि लागणारी कागदपत्रं केसीआयच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतात. शुल्क वेळोवेळी बदलतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. नावात ‘केनेल’ आणि ‘इंडिया’ हे शब्द असलेल्या इतरही संस्था देशात आहेत. प्रमाणपत्रावर नेमकं कोणत्या संस्थेचं नाव आहे ते पूर्ण वाचा.

आणखी एक गोष्ट. दरवेळी क्लबचा माणूस येऊन कुत्री कुणापासून गाभण राहिली हे बघत नाही. नोंद बऱ्याच अंशी ब्रीडरने दिलेल्या माहितीवर होते. म्हणून कागद कितीही चांगला दिसला, तरी माणूस भरवशाचा आहे का, ते पाहणं सुटत नाही.

चिप म्हणजे जीपीएस नाही

‘चिप आहे, कुत्रा हरवला तर मोबाइलवर दिसेल’ असं काही विक्रेते सांगतात. हे खोटं आहे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि सुईने मानेजवळ कातडीखाली बसवतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की १५ अंकी क्रमांक दिसतो, बस.

आपल्या गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असतो. तो क्रमांक टाकला की जनावराची सरकारी नोंद निघते. चिपचं काम तसंच आहे, फक्त बिल्ला बाहेर दिसतो आणि चिप आत असते. बिल्ला तुटतो, चिप सहसा आयुष्यभर टिकते.

याचा खरेदीदाराला मोठा उपयोग आहे. कागद दुसऱ्याच पिल्लाचा असू शकतो, पण कातडीखालचा क्रमांक बदलता येत नाही. पिल्लू घेताना स्कॅनर लावायला सांगा आणि कागदावरचा क्रमांक एकेक आकडा जुळवून पाहा. विक्रेत्याकडे स्कॅनर नसेल, तर स्कॅनर असलेल्या पशुवैद्यकाकडे पिल्लू तपासून मगच पूर्ण पैसे देण्याचं ठरवा.

घेताना काय जुळवायचं?

मोबाइलवर प्रमाणपत्राचा फोटो आला म्हणजे काम झालं, असं नाही. एकाच प्रमाणपत्राचा फोटो दहा गिऱ्हाइकांना पाठवता येतो. मूळ कागद हातात घ्या आणि पुढच्या गोष्टी बघा.

जन्मतारीख बघा. पिल्लू दोन महिन्यांचं सांगितलंय आणि कागदावर सहा महिन्यांपूर्वीची तारीख आहे, तर कागद त्याचा नाही. नर-मादी आणि रंग जुळतो का, ते बघा. ब्रीडर म्हणून ज्याचं नाव आहे तोच विकतोय का? मधला दलाल असेल तर ब्रीडरशी थेट बोला. शक्य असेल तर त्याच्या घरी जाऊन पिल्लाची आई पाहा. कुत्री हाडकुळी, अंगावर जखमा, बाजूला घाण, अशी अवस्था असेल तर पिल्लू कागदासह असूनही घेऊ नये.

तीन पिढ्यांची नावंही वाचा. एकच नाव आईकडूनही आणि बापाकडूनही येत असेल, तर नात्यातच जोड लावलेली आहे. एकाच वळूची लेक त्याच वळूला दाखवू नये, हे गोपालकाला सांगावं लागत नाही. कुत्र्यातही तेच आहे. फार जवळच्या नात्यातली पैदास वाढली की आजार वाढतात. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये मागच्या पायाच्या खुब्याचा आजार वंशातून येतो, त्यामुळे आई-बाप नीट चालतात का तेही बघावं.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी नियम केले. ते प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आहेत. त्यानुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. केसीआयची नोंदणी कुत्र्याची, मंडळाची नोंदणी पैदास करणाऱ्याची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दाखवून दुसरी झाली असं समजू नका.

याच नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांची झाल्यावर तिच्याकडून पैदास घेता येत नाही. १२ महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेत घेता येतात. विकायच्या पिल्लाला मायक्रोचिप आणि लसीची नोंद हवी.

आपल्याकडेही काही तरुण ‘एक जोडी आणू, पिल्लं विकू, चार पैसे मिळतील’ असा विचार करतात. घरच्या अंगणात केली तरी विक्रीसाठी केलेली ती पैदासच आहे. नियम लागू होतात. पिल्लांची लसीकरणं, खाणं, चिप, नोंदणी हा खर्च धरला आणि मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी गिऱ्हाईक किती मिळेल याचा हिशेब केला, तर जाहिरातीत दिसतं तेवढं सोपं गणित नाही.

कागद नसलेलं पिल्लू आधीच घेतलंय. आता?

आधी ब्रीडरला विचारा की वेताची नोंद झाली आहे का. झाली असेल तर मालकी बदल करून घ्या. झाली नसेल आणि आई-बाप नोंदलेले असतील, तर नोंद अजून करता येईल का, हे तो क्लबला विचारू शकतो. आई-बापांचीच नोंद नसेल, तर वंशावळीचा कागद बाजारात कुठेच मिळत नाही. ‘एवढे द्या, पेपर बनवून देतो’ म्हणणारा खोटा कागदच देणार.

पण म्हणून कुत्रा वाया गेला असं नाही. कागद दोन कामांना लागतो : डॉग शोमध्ये उतरायचं असेल तर आणि पुढे नोंदणीची पैदास करायची असेल तर. घर राखायला, बकऱ्यांमागे फिरायला, पोरांसोबत खेळायला कागद लागत नाही. पुढे त्याची पिल्लं झाली तर ती मात्र ‘पेपरवाली’ म्हणून विकू नका.

आपल्या मातीतल्या जाती

शुद्ध जात म्हटलं की परदेशी कुत्राच डोळ्यासमोर येतो. पण पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकच्या सीमेवर उंच, लांब पायांचा, कमरेला बारीक असा कारवान कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. केसीआयच्या वहीत तो ‘कॅरावान हाउंड’ या नावाने आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हे जुनं मराठा संस्थान, घोरपडे घराण्याचं. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव गाजलं. टपाल खात्याने २००५ साली त्यावर तिकीट काढलं. मुधोळजवळच्या तिम्मापूर इथे त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे.

इथे नोंदणीचा आणखी एक प्रकार समजतो. हरियाणातल्या कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. ही सरकारी संस्था एकेका जनावराची नव्हे, तर संपूर्ण जातीची नोंद करते. मुधोळ हाउंड, तामिळनाडूचे राजपालयम आणि चिप्पीपराई या कुत्र्यांच्या जाती तिथे नोंदलेल्या आहेत. गडचिरोलीकरांना ही संस्था अनोळखी नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या कठाणी गाईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती याच ब्यूरोने. आपल्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, धानाच्या चिखलात राबणाऱ्या जनावराला कागदावर नाव मिळालं. पण जातीची नोंद झाली म्हणजे तुमच्या गोठ्यातल्या गाईचा कागद तयार झाला, असं नाही. कुत्र्याचंही तसंच. मुधोळ ही जात नोंदलेली आहे, म्हणून विकायला आणलेलं प्रत्येक लांब पायांचं पिल्लू मुधोळ ठरत नाही.

मुलचेऱ्यात पाळायचं तर…

आपला उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. हस्की, सेंट बर्नार्डसारखे दाट केसांचे, बर्फाळ मुलखातले कुत्रे इथे हाल काढतात. त्यांना दिवसभर कूलरखाली ठेवणं गावातल्या विजेच्या भरवशावर जमणारं नाही.

दुसरं म्हणजे जंगल. चपराळा अभयारण्य आपल्या शेजारीच आहे. गावाच्या कडेला रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला सोपी शिकार ठरतो, मग तो हजारांचा असो की फुकटचा. रात्री त्याला आत किंवा मजबूत जाळीत ठेवावं. आणि कारवानसारखा पळणारा कुत्रा जंगलात मोकळा सोडू नये. ससा, चितळ, डुक्कर यांच्यामागे कुत्रे लावणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारच. कुत्र्याने पाठलाग करवणं त्या व्याख्येत येतं. कुत्रं कागदवालं असेल, तर त्यावर मालकाचं नाव लिहिलेलंच आहे.

लसही सोडू नका. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार लहान पिल्लांना पटकन मारतात. उलटी, रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण दिसली तर एक दिवसही थांबू नये. लांबून बसने, उन्हात आलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत मेल्यावर कागद हातात राहतो, पिल्लू राहत नाही. लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. डिस्टेंपर कुत्र्यांकडून वाघ, बिबट, रानकुत्रे यांनाही होऊ शकतो. गुजरातच्या गीरमध्ये २०१८ साली सिंह मेले, त्यात या विषाणूचा हात होता. त्यामुळे जंगलाकाठच्या गावात कुत्र्याला दिलेली लस आपल्या घरापुरती राहत नाही. गावठी कुत्र्यालाही ती द्यावी. चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचीही माहिती मिळते.

पैसे गेले तर?

पिल्लू न पाहता आगाऊ पैसे पाठवू नका. ‘पिल्लू विमानतळावर अडकलंय, विम्याचे पैसे भरा’, ‘पिंजऱ्याचे वेगळे पाठवा’ असं एकामागून एक मागणं सुरू झालं, की समोर पिल्लूच नाही असं समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पिल्लू मिळालं पण सांगितलेला कागद दिला नाही, किंवा खोटा दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. त्यासाठी पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवा. व्यवहार करतानाच साध्या कागदावर लिहून घ्या : पिल्लाची जात, जन्मतारीख, चिप क्रमांक, किंमत, प्रमाणपत्र आणि मालकी बदलाची सही दिली की नाही, आणि दोघांच्या सह्या.

बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, नांगराला जुंपून बघतो, चार जाणत्यांना विचारतो आणि मगच इसार देतो. पिल्लू घेतानाही तेवढा वेळ द्यावा. आधी पिल्लाची आई, मग चिप, मग कागद आणि सही, आणि सगळ्यात शेवटी पैसे.